पॅटर्न ज्याच्याकडं, काम त्याच्याकडं

आर्ट लॅबो नावाचा एक डीजे होता. डीजे म्हटल्यावर आपल्या कोल्हापुरात पहिल्यांदा मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंती डोळ्यासमोर येतात, तर तसला नव्हे. हा रेडिओवरचा, गाणी लावणारा, मधे बोलणारा, लोकांचे फोन घेणारा. १९४३ साली सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओवर लागला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ९७ व्या वर्षी गेला तेव्हाही त्याचा शो चालूच होता. शुक्रवारी गेला, आणि आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला त्याचा शो रविवारी रात्री नेहमीसारखा लागला.

मला हा माणूस कळला तो आतेभावामुळं. तो तिकडं कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला असतो, कामावरून घरी येताना गाडीत हेच लावायचा, एकदा मला लिंक पाठवली आणि म्हणाला ऐक, तुला आवडेल, तू जुन्या गाण्यातला माणूस. तिकडं संध्याकाळी सातला शो सुरू व्हायचा तेव्हा इकडं दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असायची, म्हणजे बरोबर मी इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप उघडून उदबत्ती लावायची वेळ. पोरं यायची, लेथ चालू करायची, आणि मागं स्पीकरवर १९५८-६० सालचं एखादं संथ इंग्लिश गाणं. आमचा एक जुना ऑपरेटर म्हणायचा, मालक हे काय झोपायचं लावलंय, हात जाईल एखाद्याचा मशीनमधे. पण दोनचार महिन्यांनी तोच विचारायला लागला की आज म्हातारा नाही काय.

म्हातारा करायचा काय, तर काहीच नाही. लोक फोन करायचे, नाव सांगायचे, कुणासाठी गाणं पाहिजे ते सांगायचे, हा ऐकून घ्यायचा, एखादा प्रश्न विचारायचा, गाणं लावायचा. पण फोन करणारे कोण, तर बऱ्याच वेळा कैद्यांच्या घरचे. नवरा आत आहे, बायको बाहेरून गाणं पाठवतेय. बाप आत आहे, पोरगी फोनवर लाजत लाजत गुड नाइट म्हणतेय. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत हा शो ऐकला जायचा आणि तो आत ऐकला जातो हे बाहेरच्यांना माहीत होतं. आपल्याकडं विविध भारतीवर जयमाला होतं ना, फौजी भाईंसाठी, नाहीतर फर्माईश पाठवणाऱ्या झुमरी तलैयावाल्यांच्या नावांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी, तसलंच, फक्त इथं निरोप नेणारा आणि देणारा एकच माणूस आणि तोही नव्वदीतला. आवाज म्हणाल तर बिनाका गीतमालेच्या अमीन सयानींसारखा बिलकुल नाही, साधा, जरा खरखरीत, शेजारच्या काकांसारखा.

हे श्रोते त्याला कसे मिळाले ते बघण्यासारखं आहे. पन्नासच्या दशकात तो हॉलिवूडच्या एका ड्राइव्ह-इन हॉटेलातून, म्हणजे पोरं गाडीत बसूनच खातात तसल्या ठिकाणातून, लाइव्ह शो करायचा आणि पोरांनाच विचारायचा कुठलं गाणं लावू, कुणासाठी लावू. मग नाचाचे कार्यक्रम घ्यायला लागला. लॉस एंजेलिस शहरात अठराच्या आतल्या पोरांच्या नाचाला नियमांची अडचण होती, म्हणून गडी शहराबाहेर एल मॉन्टेला गेला, तिथल्या लीजन स्टेडियममधे. तिथं गोरी, काळी, मेक्सिकन सगळी पोरं एकत्र यायची, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. त्यातली मेक्सिकन कुटुंबं त्याला धरून राहिली ती तीन पिढ्या. आजीनं गाणं मागितलं, मग आईनं, मग नातीनं. गाणी तीच.

पोरं तीच तीच जुनी गाणी मागतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं धंदा बघितला. १९५७ मध्ये स्वतःची ओरिजिनल साउंड नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि १९५९ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची जुनी हिट गाणी परवानगी घेऊन एकाच एलपीवर घातली. नाव 'ओल्डीज बट गुडीज'. तेव्हाची जुनी म्हणजे किती जुनी, तर चारपाच वर्षांपूर्वीची! पण ती एलपी तिकडच्या बिलबोर्ड मासिकाच्या हिट रेकॉर्डींच्या यादीत १८३ आठवडे राहिली, म्हणजे साडेतीन वर्षं. आणि ते नाव त्यानं ट्रेडमार्क करून घेतलं. हे नाव रजिस्टर करणं म्हणजे माझ्या मते या माणसाच्या पूर्ण करिअरमधलं सगळ्यात हुशार काम.

आता मी उद्यमनगरातला माणूस, मला सगळं फौंड्रीच्या भाषेत कळतं. कास्टिंगच्या धंद्यात पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा पाडतात तो नमुना, पार्टीचा म्हणजे गिऱ्हाइकाचा असतो. फौंड्रीवाल्यानं रेट वाढवला, माल लेट दिला, तर पार्टी टेम्पो घेऊन येते, पॅटर्न उचलते आणि शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला दुसऱ्याकडं टाकते. भट्टी, माणसं, जागा सगळं फौंड्रीचं, पण काम त्याचं ज्याच्याकडं पॅटर्न. रेडिओत स्टेशन ही फौंड्री. लॅबोनं पॅटर्न स्वतःकडं ठेवला. शो त्याचा, नाव त्याचं, स्टुडिओ त्याचा, फोन करणारे लोक त्याचे, स्टेशनांनी फक्त लावायचा. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेशननं एका झटक्यात ओल्डीज बंद करून हिप-हॉप चालू केलं, शो गेला, लोकांनी बोंब ठोकली, आणि त्याच वर्षी म्हातारा त्याच शहरात दुसऱ्या स्टेशनवर हजर, वयाच्या ८९-९० व्या वर्षी. बाकीच्या गावांत शो चालूच होता.

ज्यांनी पॅटर्न ठेवला नाही किंवा ज्यांना ठेवता आला नाही, त्यांचं काय झालं हे वाचत गेलो तर मात्र जीव तुटतो.

मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए स्टेशन घ्या. मालक दोघं गोरे, स्टेशन चालेना, बंद पडायच्या घाईला आलेलं, तेव्हा १९४८ मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या काळ्या माणसाला माइकवर बसवलं. दक्षिण अमेरिकेतल्या सॉरी, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या त्या वातावरणात ही मोठी उडी होती. स्टेशन असं चाललं की थोड्याच काळात सगळा कार्यक्रमच काळ्या श्रोत्यांसाठी झाला आणि १९५४ मध्ये त्याची ताकद २५० वॅटवरून ५० हजार वॅट झाली. मालकांचं कल्याण झालं. आणि नॅट डी.? तो हायस्कूलमधे इतिहास शिकवायचा, आणि रेडिओवर एवढं नाव झाल्यावरही शिकवतच राहिला. दिवसा वर्ग, त्याच्या आगंमागं रेडिओ, शिवाय पेपरात कॉलम.

त्याच स्टेशनवर रुफस थॉमस. हा स्वतः गायक, विनोदी कलाकार, शो करणारा, आणि कापड ब्लीच करायच्या कारखान्यात कामगार. पहिल्या गाण्यांना यश आलं तरी कारखाना सोडला नाही, १९६३ पर्यंत नोकरी चालू. म्हणजे गावातली पोरं याच्या आवाजावर नाचतायत आणि हा बाबा दुसऱ्या दिवशी पाळीला हजर. बी. बी. किंगसुद्धा इथलाच, सुरुवातीला त्याला दहा मिनिटांचा वेळ मिळाला तो एका टॉनिकची जाहिरात गायला! बील स्ट्रीट ब्लूज बॉय असं त्याला रेडिओवर म्हणायचे, त्याचं पुढं बी. बी. झालं. बी. बी. रेडिओ सोडून गिटार घेऊन गेला, आणि त्याचं भलं झालं, सगळ्यांना ते जमणारं नव्हतं.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसीची गोष्ट याच्या उलटी. तिथं डीजे गोरे आणि गाणी काळ्यांची. त्यातला जॉन रिचबर्ग, सगळे जॉन आर. म्हणायचे, त्याचा आवाज असा की ऐकणारे त्याला काळाच समजायचे. स्टेशन ५० हजार वॅटचं, आणि मीडियम वेव्हचं असं असतं की दिवसा फार लांब जात नाही, पण रात्री सूर्य मावळला की वातावरणातला जो खालचा थर लहरी खाऊन टाकतो तो विरतो आणि लहरी वरच्या थराला धडकून शेकडो मैल लांब खाली येतात. त्यामुळं रात्री जॉन आर. दक्षिणेतल्या राज्यांपासून पार कॅरिबियनच्या बेटांपर्यंत ऐकू यायचा. जाहिराती कसल्या, तर पोस्टानं रेकॉर्डी पाठवणाऱ्या दुकानांच्या, आणि पोस्टानं कोंबडीची पिल्लं पाठवणाऱ्यांच्या. खरंच, जिवंत पिल्लं! सोल म्युझिकमधल्या कितीतरी जणांचं पहिलं गाणं या माणसानं वाजवलं म्हणून लोकांना कळलं. १९७३ मध्ये स्टेशननं ठरवलं की आता ठरलेल्या यादीतली टॉप ४० गाणीच लावायची, तर यानं नमस्कार केला आणि रिटायर झाला. पुढं आजारी पडला, दवाखान्याची बिलं, आणि मग १९८५ मध्ये बी. बी. किंग, जेम्स ब्राउन वगैरे मंडळींनी त्याच्यासाठी नॅशव्हिलमधे कार्यक्रम केला. कलाकार विसरले नाहीत ही चांगली गोष्ट आहेच, पण ५० हजार वॅटवर वर्षानुवर्षं आवाज असलेल्या माणसाला औषधपाण्यासाठी मदतीचा प्रयोग लावायला लागावा हे काय बरोबर आहे?

यादीचं राज्य कसं आलं याचं मूळ पेओलात आहे. रेकॉर्ड कंपन्या डीजेला पाकीट द्यायच्या, आमचं गाणं वाजव म्हणून. पगार इतके कमी असायचे की बरेच जण घ्यायचे, आणि ज्यांनी घेतलं त्यांचं समर्थन मी करत नाही, पण १९५९-६० ला अमेरिकन काँग्रेसनं चौकशी लावली तेव्हा सगळ्यात जास्त सापडला तो ॲलन फ्रीड, ज्यानं रॉक अँड रोल हे नाव घराघरात नेलं. नोकरी गेली, १९६२ मध्ये गुन्हा कबूल केला, दंड झाला फक्त ३०० डॉलर, पण माणूस संपला, १९६५ मध्ये ४३ व्या वर्षी गेला. आणि स्टेशनवाल्यांना कारण मिळालं, की डीजेनं गाणं निवडायचंच नाही, ऑफिसातून यादी येईल ती वाजवायची. म्हणजे पाकिटाचा प्रश्न सुटला की नाही देव जाणे, डीजेच्या हातातलं काम मात्र गेलं.

त्यातूनही काही अफलातून माणसं झाली. फिलाडेल्फियाचा जॉको हेंडरसन, शो म्हणजे रॉकेटमधून प्रवास, सगळं बोलणं यमकात, आणि एक शो फिलाडेल्फियात करून तो रात्री न्यूयॉर्कला दुसरा शो करायला जायचा. जमैकातल्या साउंड सिस्टिमवाल्यांनी त्याची नक्कल केली, पुढं रॅपवाले त्याला मानतात. मॅग्निफिसंट मॉन्टेग्यूची तऱ्हा वेगळीच, गाणं रंगात आलं की 'बर्न, बेबी, बर्न' ओरडायची त्याची सवय, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली तेव्हा जाळपोळ करणारी पोरं तेच ओरडायला लागली. बिचाऱ्यानं मग ते ओरडणं सोडलं.

डेट्रॉइटची मार्था जीन स्टाइनबर्ग, द क्वीन म्हणायचे तिला, तिचं करिअर मेम्फिसलाच त्या डब्ल्यूडीआयएवर सुरू झालं. १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइट पेटलेलं असताना ती ४८ तास रेडिओवर बसून होती, लोकांना शांत राहा म्हणून सांगत. आणि या बाईनं १९९७ मध्ये काय केलं, तर ज्या स्टेशनवर काम करत होती ते स्टेशनच विकत घेतलं. वाचून मी शॉपमधे एकटाच टाळी वाजवली.

शिकागोचा हर्ब केंट, द कूल जेंट. पोरगा असताना १९४४ मध्ये रेडिओवर आला. साठच्या दशकात तो डब्ल्यूव्हीओएन स्टेशनवर होता, चेस रेकॉर्ड्सवाल्या भावांचं स्टेशन, ताकद एक हजार वॅट, म्हणजे जॉन आर.च्या स्टेशनचा पन्नासावा हिस्सा, पण शिकागोतली काळी वस्ती अख्खी त्याच्यावर. मधे दारू आणि ड्रग्जनी त्याची वाट लावली, ते त्यानं स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणानं लिहिलंय, मग सावरला, परत आला, शिकागोतच विद्यापीठात पोरांना रेडिओ शिकवायचा. २२ ऑक्टोबर २०१६, शनिवार, सकाळचा शो केला आणि त्याच दिवशी गेला, ८८ व्या वर्षी.

ब्रिटिशांबद्दल फार लिहीत नाही कारण तिकडं बीबीसीचा आधार असतो, गोष्ट वेगळी आहे. टोनी ब्लॅकबर्न १९६४ मध्ये समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनवर होता, ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीच्या नव्या रेडिओ वनवरचा पहिला आवाज त्याचा, आणि ऐंशी ओलांडल्यावरही माइक सुटला नाही. तिथलाच दुसरा डीजे जॉनी वॉकर फुप्फुसाच्या आजारानं ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी गेला.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती की ज्या स्टेशनला लोक एवढे चिकटून आहेत ते बंद का करतात. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस एफएम १९७२ पासून ओल्डीज वाजवत होतं, जून २००५ मध्ये एका दिवसात बंद केलं, कझिन ब्रूसीसारखा जुना नावाजलेला डीजे बाहेर. कारण साधं आहे. तिकडं जाहिरातवाले साधारण २५ ते ५४ वयाचा श्रोता मोजतात. तुम्ही पंचावन्नचे झालात की रेडिओच्या हिशोबात मेलात. श्रोता म्हातारा झाला की त्याच्याबरोबर त्याची गाणी पण भंगारात, आणि गाण्याबरोबर डीजे. म्हणून ओल्डीज स्टेशनवर पन्नासची गाणी जाऊन साठची, मग सत्तरची, मग ऐंशीची येतात. २००७ मध्ये त्यांनी परत ओल्डीज आणलं, पण गाणी सरकलेली होती. ब्रूसी तोवर सॅटेलाइट रेडिओवर गेला होता, आणि २०२० मध्ये आपल्या साठच्या दशकातल्या डब्ल्यूएबीसी स्टेशनवर परत आला.

आता आपल्याकडं बघू. अमीन सयानी. १९५२ मध्ये आपले मराठीच मंत्री बाळकृष्ण केसकर, त्यांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना चाप लावला, आणि रेडिओ सिलोनची लॉटरी लागली. ३ डिसेंबर १९५२, बुधवारी, बिनाका गीतमाला सुरू. रेकॉर्डिंग मुंबईत आणि टेप विमानानं कोलंबोला. वडील सांगायचे की बुधवारी रात्री मंगळवार पेठेत एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत चालत गेलं तरी गाणं तुटायचं नाही. सयानींना सुरुवातीला आठवड्याला २५ रुपये मिळायचे, आणि त्यात पत्रं वाचणं पण आलं, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं, पुढं आठवड्याला ६५ हजारांपर्यंत. आणि रुफस थॉमस कापडाच्या कारखान्यात तर आपले सयानी १९६० च्या सुमाराला टाटा ऑइल मिल्समधे साबणाचं मार्केटिंग करत होते! मला हे कळलं तेव्हा गंमतच वाटली. पण त्यांनी पण पॅटर्न सोडला नाही. प्रायोजित कार्यक्रम, जिंगल, जाहिराती, हजारोंनी केलं काम, आणि म्हातारपणी गीतमालेच्या आठवणी नव्यानं रेकॉर्ड करून सारेगामाकडून 'गीतमाला की छाँव में' म्हणून काढल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९१ व्या वर्षी गेले तेव्हा पुढच्या पिढीला ऐकायला काहीतरी मागं होतं.

आकाशवाणीच्या निवेदकांचं तसं नाही. पर्मनंट असला तर पगार, पेन्शन, चांगलं आहे, घर चाललं. कॅज्युअल असला तर महिन्यात मोजक्या ड्युट्या आणि बाकी वेळ दुसरं काहीतरी, म्हणजे मेम्फिसवाल्यांचंच. पण दोघांच्याही हातात स्वतःचं असं काही नाही. रिटायर झाला की आवाज केंद्रात राहिला, तोही राहिला असेल तर, कारण रोजचं निवेदन कोण जपून ठेवतंय, नाटकं आणि मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग ठेवली जातात, "आता ऐकूया" म्हणणारा माणूस हवेत गेला. आमच्या घरात १९६३ ला सांगली केंद्र चालू झाल्यापासून तेच लागायचं, १२५१ किलोहर्ट्झ, सकाळी पाणी तापायच्या वेळेपासून, आणि त्या आवाजांची नावं आमच्या आईला आमच्या पाहुण्यांपेक्षा जास्त पाठ होती. हल्लीच्या एफएमवरच्या पोरांना माझी नावं ठेवायची इच्छा नाही, काही जण कोल्हापुरी ठसक्यात झकास बोलतात, पण त्यांनी निदान स्वतःचे शो स्वतःच्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवावेत, एवढं माझं ऐका भावांनो.

तर काम असं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात बऱ्याच घरात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकात, होता आणि लोक रेडिओवरून गाणी कॅसेटवर भरून घ्यायचे, तेव्हा गाण्याच्या आधीचं निवेदन पण चुकून भरलं जायचं. आपल्याला गाणी नकोत, ती सगळीकडं मिळतात, आपल्याला ते चुकून भरलेलं पाहिजे. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज कुठंही कुणाच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील तर फेकू नका, खाली लिहा, मी स्वतः येऊन नेतो, कॉम्प्युटरवर घेतो आणि कॅसेट जशीच्या तशी परत देतो. डेकचे बेल्ट बदलून घेतलेत, हेड साफ केलंय. बुरशी लागलेली असली तरी चालेल.